समुपदेशक कौल देत नाही

मालवण-देवगडकडे मोठा निर्णय अडला की देवाला गाऱ्हाणं घालून कौल घेतात. मानसोपचारकाकडे जाणाराही पुष्कळदा तीच अपेक्षा घेऊन जातो: उजवा कौल की डावा, एकदाचं सांगून टाका. मानसोपचारक तसं सांगत नाही, प्रश्न विचारतो.

कोणते प्रश्न, हे त्याच्या पद्धतीवर ठरतं. महाराष्ट्रात रुजलेली एक पद्धत म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातही ती दिसते.

ही पद्धत कशी चालते? समजा, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर ओढलेली, कर्जाचा हप्ता थकलेला आणि मच्छीमाराची झोप उडालेली. ‘हप्ता थकला, म्हणून मी नालायक’ या वाक्यातला ‘म्हणून’ उपचारक पकडतो. हप्ता थकणं ही घटना. नालायक ठरणं हा त्यावर लावलेला अर्थ. त्या अर्थाला पुरावा काय? कर्ज मात्र खरंच असतं. ते विचार बदलून फिटत नाही, हे प्रामाणिक उपचारक आधीच सांगतो.

गावात खरी भीती वेगळीच: ‘बाजारात कळात तर?’ मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असेल, तर मात्र अपवाद. दवाखान्याच्या पायरीवर कुणी पाहील असं वाटत असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी-समुपदेशन सेवेचा 14416 हा क्रमांक घरूनही लावता येतो.