विश्लेषण : गाडीवरचा जुना स्टिकर काढताना रंग का जातो?

दसरा किंवा पाडवा जवळ आला की नवी गाडी दारात येण्याआधी जुनी विकायची घाई सुरू होते. धुऊन-पुसून उभी केली की मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपू लागते. दरवाजांवरून गेलेली दुरंगी पट्टी जागोजागी तडकलेली, डिकीवरच्या मुलांच्या नावांतले एखादे अक्षर गळालेले, बंपरवर कुठल्या तरी सहलीचा अर्धवट फाटलेला स्टिकर. घरातले कोणी तरी दाढीचे पाते घेऊन बसते. तासाभराने पट्टी जाते, पण तिच्या जागी पांढरट ओरखडे येतात. गंमत अशी की पट्टी पाहून गिऱ्हाईक फारसा भाव पाडत नाही, ओरखडे पाहून मात्र नक्की पाडते. ‘इथे ठोकली होती का?’ हा प्रश्न एकदा आला की उत्तर काहीही द्या, भाव खाली येतो. दरवाजा नव्याने रंगवायचा तर काही हजार रुपये जातात आणि नवा रंग शेजारच्या पॅनलशी तंतोतंत जुळेलच असे नाही.

‘रेडियम’ म्हणजे नेमके काय?

गावोगावच्या ‘रेडियम आर्ट’च्या दुकानांत जे चिकटवून मिळते त्यात रेडियम नावालाही नसते. पूर्वी घड्याळाच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग लावत. त्या चमकण्यावरून हे नाव प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्यांना चिकटले आणि पुढे सगळ्याच स्टिकरांना. प्रत्यक्षात तो व्हिनाइलचा, म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या पाठीला दाबाने चिकटणारा, बहुधा अॅक्रिलिक जातीचा गोंद असतो.

पीव्हीसी मुळात कडक. ते वळावे, गाडीच्या गोलाईवर बसावे म्हणून त्यात मऊपणा आणणारी तेलकट रसायने मिसळतात. स्टिकर कसा म्हातारा होतो ते या रसायनांवर ठरते. उन्हातान्हात ती हळूहळू बाहेर पडतात. त्यातली काही हवेत जातात, काही खालच्या गोंदात उतरतात. परिणामी वरचा पापुद्रा पापडासारखा कडक होऊन आकसतो आणि खालचा गोंद काकवीसारखा चिकट होतो. नखाने टोक उचलायला जावे तर टिकलीएवढा तुकडा हातात येतो, तो यामुळेच. व्हिनाइलही दोन प्रकारचे असते. रुळांखाली दाबून ताणलेले स्वस्त पडते, पण लवकर आकसते. द्रवरूपात ओतून सुकवलेले महाग असते, तुलनेने पातळ असते आणि वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. काढतानाही ते बरेचदा एकसंध निघते. स्वस्त पट्टी लावताना वाचवलेले पैसे काढताना वसूल होतात, असे रंगकाम करणारे म्हणतात ते खोटे नाही.

पात्याने खरवडले तर बिघडते कुठे?

कारखान्यातून आलेल्या गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड धरतात. म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसापेक्षा पातळ थरावर उभी असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही त्याच थरात असतात. पाते किंवा भांड्याची घासणी फिरवली की तो थर पातळ होतो. त्या दिवशी पॉलिश मारून चमक आणता येते, पण पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत तिथेच साल सुटल्यासारखे पांढरे चट्टे उठतात. ते पॉलिशने जात नाहीत.

पोलादी पाते फक्त काचेवर चालते. तेही सगळ्या काचांवर नाही. मागच्या काचेवर दव घालवणाऱ्या तापत्या तारांच्या तांबूस रेघा असतात. त्यातली एक जरी कापली गेली तर ती रेघ कायमची बंद पडते. रंगावर मुदत संपलेले एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते.

ऊब किती द्यायची?

गोंद गार असताना घट्ट धरून ठेवतो, उबेने सैल होतो. पापुद्राही उबेने मऊ पडतो आणि तुटायचा थांबतो. पण अति तापवले तर व्हिनाइल च्युइंगमसारखे ताणले जाते आणि गोंद जागेवरच राहतो. साधारण 50 ते 60 अंश पुरेसे असते. पत्र्याला हात लावला तर चटका जाणवतो, क्षणभरच ठेवता येतो, इतपत. केस वाळवायचा ड्रायर एवढी ऊब देतो. वर्कशॉपमधली हीट गन मात्र कित्येक शे अंशांची हवा फेकते. एका जागी धरली की रंगाला फोड येतात आणि प्लास्टिकचा बंपर वाकतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, ड्रायरने वेळ जास्त लागतो एवढेच.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तर ड्रायरचीही गरज नाही. पट्टीची बाजू उन्हाकडे करून गाडी तासभर उभी केली की अर्धे काम होते. टोक नखाने उचलायचे, पट्टी स्वतःवरच दुमडायची आणि पॅनलला समांतर, सावकाश ओढायची. काटकोनात, झटका देऊन ओढले की सगळा ताण रंगावर येतो. सावकाशीला कारण आहे. हा गोंद धड द्रवही नाही आणि धड घनही नाही. हळू ओढले तर तो वाहत सुटतो, झटका दिला तर घट्ट वस्तूसारखा अडतो आणि तुटतो. दोन-तीन इंच निघाले की पुढचा भाग पुन्हा तापवायचा.

एक धोका मात्र आधी तपासलेला बरा : तो दरवाजा कधी पुन्हा रंगवला होता का? कारखान्यात रंग सुमारे 140 अंशांना भाजला जातो. गॅरेजमध्ये गाडीचे प्लास्टिक, वायरी, आसने जागेवर असल्याने तेवढे तापवता येत नाही, त्यामुळे तिथला रंग बराच कमी तापमानाला किंवा नुसत्या हवेवर वाळतो. खालची पुट्टी नीट घासलेली नसेल तर स्टिकरसोबत रंगाचा पोपडाच निघून येतो. जुनी गाडी घेतलेल्याला हा इतिहास ठाऊक नसतो. म्हणून सुरुवात दर्शनी भागावरून न करता दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यातून करावी.

उरलेला गोंद कशाने जातो?

घराघरांत याची वेगवेगळी औषधे आहेत आणि त्यातली काही खरोखर चालतात. खोबरेल तेल किंवा नीलगिरी तेल कापसाने लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवले की गोंद फुगून सैल होतो. रॉकेल आणि मिनरल टर्पेंटाइन अधिक जलद काम करतात आणि कारखान्याच्या रंगाला थोड्या वेळात सहसा इजा करत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल शेवटचा तेलकटपणा पुसायला उत्तम. हे काम मात्र सावलीत, पत्रा गार झाल्यावर करायचे, कारण उन्हात द्रावण गोंदात मुरण्याआधीच उडून जाते. पट्टी उन्हात काढायची आणि गोंद सावलीत पुसायचा, हा क्रम बहुतेकांचा उलटा होतो.

पेट्रोल टाळावे. ते झटपट उडते आणि शेजारी ड्रायर चालू असेल तर भडकाही उडू शकतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांच्यापासून तर चार हात दूरच राहावे. जुन्या गाड्यांवरचा, आपण सर्रास ‘ड्युको’ म्हणतो तो नायट्रोसेल्युलोजचा रंग थिनरमध्येच पातळ करून मारलेला असतो, त्यामुळे वीस वर्षांनीही थिनर लागताच तो पुन्हा विरघळतो. हेडलाइटची ‘काच’ बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, तिला थिनरने जाळीदार तडे जातात.

लांबलचक पट्ट्यांसाठी ड्रिलला लावायचे रबरी चाक मिळते. ते खोडरबरासारखे गोंद गोळा करते. वेग कमी आणि हात हलता ठेवला तर ते उपयोगी आहे. एका जागी रेंगाळले की घर्षणाने रंग जळतो.

सगळे निघाले, तरी नाव वाचता येते. असे का?

ही सावली म्हणजे गोंद नव्हे. स्टिकरखालचा रंग इतकी वर्षे उन्हापासून झाकलेला होता, आजूबाजूचा फिका पडला. डिकीवरून ‘आईची कृपा’ काढली तरी ती गडद अक्षरांत दिसत राहते ती त्यामुळे. जुन्या लाल गाड्यांवर हे सर्वांत ठळक दिसते. यावर उपाय अक्षरे घासण्याचा नाही, भोवतालचा निस्तेज रंग पॉलिशने उजळवण्याचा आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही असे समजावे आणि हात आणखी हलका ठेवावा. फरक फार खोल असेल तर सावली फिकी होते, पुसली जात नाही. त्याच जागी त्याच मापाची नवी पट्टी लावणे हा काहींना पळपुटेपणा वाटेल, पण दरवाजा रंगवण्यापेक्षा तो बरा.

कुठले स्टिकर काढूच नयेत?

अनेक मोटारसायकलींच्या टाकीवरची कंपनीची नक्षी क्लिअर कोटच्या खाली असते. कडेवरून नख फिरवावे, ते कुठेच अडले नाही तर नक्षी रंगाच्या पोटात आहे. ती काढायची म्हणजे टाकी घासून पूर्ण रंगवायची.

व्यावसायिक वाहनांवरच्या परावर्तक पट्ट्या कायद्याने आवश्यक आहेत. समोरच्या काचेच्या आतला नोंदणीचा होलोग्राम स्टिकरही, जो पेट्रोल-सीएनजीसाठी फिका निळा आणि डिझेलसाठी केशरी असतो, उच्च सुरक्षा नंबरप्लेटचाच भाग आहे. साफसफाईच्या भरात तो खरवडू नये. फास्टॅगचे उलटे आहे : गाडी विकताना तो काढायचाच, पण आधी खाते बंद करून. तो मुद्दाम फाटेल असाच बनवलेला असल्याने दुसऱ्या गाडीला लावता येत नाही आणि खाते चालू राहिले तर नव्या मालकाचा टोल जुन्याच्या खिशातून जातो. सोसायटीच्या पार्किंगचे, ‘प्रेस’, ‘डॉक्टर’, ‘अॅडव्होकेट’ असे स्टिकरही जुन्या मालकानेच उतरवलेले बरे.

राहता राहिला देवाचा किंवा महाराजांचा स्टिकर. तो नखांनी कुरतडून काढायला अनेकांचा हात धजत नाही आणि गाडी तशीच दिली जाते. मागच्या काचेवर तो बाहेरून लावलेला असेल तर दुपारच्या उन्हानंतर, कडेने थोडे थोडे उचलत, तो बहुधा अखंड निघतो. स्टिकर ज्या गुळगुळीत कागदावरून सोलून लावतात तसा कागद रेडियमवाल्याकडे मागितला की मिळतो. त्यावर ठेवला तर गोंदाला धूळ लागत नाही आणि घडीही पडत नाही.