किती ठिकाणी, किती शक्यता?

जून उजाडला की गावोगावी एकच तक्रार असते: ‘पाऊस सांगितला होता, इथे टिपूसही नाही!’ अंदाज कधी कधी चुकतातच. पण कित्येकदा अंदाजात नेमके काय सांगितले होते, इकडे कुणाचे लक्षच नसते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲम्स्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांना विचारले होते: उद्या पावसाची शक्यता 30 टक्के, म्हणजे काय? खरा अर्थ असा की, असा अंदाज दिलेल्या दर दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवस पाऊस पडतो. न्यूयॉर्ककरांपैकी बहुतेकांनी तो ओळखला. युरोपात मात्र कुणी म्हणाले 30 टक्के भागात पडेल, कुणी म्हणाले दिवसाचा तेवढा वेळ पडेल. टक्के कशाचे, हे सांगितलेच नाही तर दुसरे काय होणार?

आपल्या हवामान खात्याच्या ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना ठरलेले माप आहे: त्या विभागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे उरलेली केंद्रे कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच. पाऊस किती विषम पडतो, हे मुंबईने 26 जुलै 2005 रोजी पाहिले. सांताक्रूझला 944 मिलिमीटर, तर कुलाब्याला सुमारे 73.

अंदाज नीट वाचला नाही तर शहरात एरवी फार तर भिजायला होते, पेरणीचे तसे नाही. पहिल्याच सरीवर चाड्यावर मूठ धरली आणि पुढे पंधरवडाभर उघडीप पडली, की कोवळे कोंब माना टाकतात. बियाणे, खत, मजुरी, सगळे दुसऱ्यांदा. म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. तेवढी ओल जमिनीत असली तर रोप थोडा खंड सोसते.

सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्यामागेही हाच हिशेब आहे. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते. तूर पाच-सहा महिने उभी असते, तिची मुळेही खोल जातात. ऑगस्टमधल्या खंडाने सोयाबीनला फटका बसला तरी परतीच्या पावसावर तूर सावरू शकते. उद्याचे आभाळ कुणालाच ठाऊक नसते, पण दोन्ही पिके एकदम बुडू नयेत एवढी तजवीज शेतकऱ्याच्या हातात असते. शक्यतेच्या गणिताचा इतका शहाणा उपयोग क्वचितच दिसतो.

तेव्हा यंदा अंदाज वाचताना नुसत्या ढगाच्या चित्रावर विसंबू नका. किती ठिकाणी आणि किती शक्यता, हे दोन्ही वाचा. आणि पेरणीआधी आपल्या महसूल मंडळात पाऊस किती मिलिमीटर झाला, ते नक्की पाहा.