फोटोही आणि चलच्चित्रही : एकाच कॅमेऱ्याची निवड



अंबड तालुक्यातले वडीगोद्री हे गाव धुळे-सोलापूर हमरस्त्यावर आहे. जून २०२४ मध्ये उपोषणाच्या निमित्ताने तिथे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे दिवसच्या दिवस उभे होते, त्यामुळे ही वस्तू गावाला काही नवी नाही. त्याच भागातल्या एका शाळेचे गुरुजी मध्यंतरी भेटले. शाळेने लोकवर्गणीतून कॅमेऱ्यासाठी थोडी रक्कम जमवली होती. मुलांचे फोटो, विज्ञान प्रदर्शन, खेळाच्या स्पर्धा, शिवाय स्नेहसंमेलनाचे संपूर्ण चलच्चित्रण, असे सारे एकाच यंत्रात बसवायचे होते. "अण्णा, पैसा लोकांचा आहे," ते म्हणाले, "एकदाच घ्यायचा. फसलो तर गावात तोंड कुठे दाखवू?"

त्यांची भीती खोटी नव्हती. उत्तम फोटो काढणारे यंत्र चलच्चित्रातही उत्तम चालेलच, असे नाही. याचे कारण यंत्राच्या पोटात आहे, आणि ते समजले की निवड निम्मी झालीच म्हणा.

एके काळी ही दोन कामे दोन वेगळ्या यंत्रांची होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ मुंबईत झाला, तो पाहून त्यांनी इंग्लंडहून चित्रणाचे यंत्र मागवले आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. कुस्तीचे एक बरे असते. पैलवान आखाडा सोडून जात नाहीत, एकदा अंतर जुळवले की काम भागते. शाळेतली मुले मात्र लेझीम खेळताना पुढे येतात, मागे जातात, आणि गुरुजींना तर भिंग हाताने फिरवायचा सराव नाही. म्हणून यंत्राने आपण होऊन नजर जुळवावी लागते. यालाच ऑटोफोकस म्हणतात.

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे तिरपा आरसा असतो. फोटो घेण्यापूर्वी तो प्रकाश वर आपल्या डोळ्याकडे पाठवतो आणि त्यातला थोडा भाग खाली एका छोट्या तपासनीसाकडे जातो. हा तपासनीस दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना करतो. माणूस दोन डोळ्यांनी अंतर जोखतो, तसेच हे. भिंग कोणत्या दिशेला आणि किती फिरवायचे, हे तो एका झटक्यात सांगतो. त्यामुळे धावत्या मुलाचा फोटोही स्वच्छ येतो.

चलच्चित्र सुरू केले की आरसा वर उचलून धरावा लागतो. आरसा वर गेला की खालचा तपासनीस आंधळा होतो! मग चित्र टिपणाऱ्या पटलालाच, म्हणजे सेन्सरला, नजर जुळवावी लागते. जुन्या पद्धतीत तो ते चाचपडत करतो. रेडिओवर केंद्र लावताना आपण खुंटी फिरवतो, आवाज स्पष्ट होतो, थोडे पुढे जातो, खरखर येते, तेव्हा मागे येतो. केंद्र सापडले हे ते ओलांडल्याखेरीज कळतच नाही. सेन्सरही तसेच भिंग पुढेमागे करून पाहतो. स्थिर वस्तूला हे चालते. हलत्या माणसावर मात्र चित्र धूसर, स्वच्छ, पुन्हा धूसर असे श्वास घेत राहते. प्रेक्षकाचे डोके दुखते ते यामुळेच.

यावर खरा तोडगा २०१३ मध्ये कॅननच्या ७०डी या कॅमेऱ्यात आला. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका डाव्या-उजव्या अशा दोन अर्धकांत विभागला आणि दोहोंची तुलना पटलावरच होऊ लागली. आरसा वर असतानाही दिशा आणि अंतर दोन्ही कळू लागले. या रचनेला ड्युअल पिक्सेल म्हणतात. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: चलच्चित्रात हे चालते का, आणि कोणत्या आकाराच्या चित्रणात चालते?

दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका. २०१९ चा २००डी मार्क दोन आणि २०२० चा ८५०डी या दोन्हींत साध्या फुल एचडी चित्रणाला ही सोय मिळते, पण मोठ्या फोर-के चित्रणाला नाही. शिवाय फोर-केमध्ये चौकटही आकसते. २०१९ च्या ९०डीमध्ये मात्र फोर-केलाही ती मिळते. जाहिरातीत फोर-केचा आकडा ठळक छापतात आणि ही बाब बारीक अक्षरांत राहते. शाळेच्या कामाला माझ्या मते फुल एचडी पुरे.

निकॉनचा २०१७ चा डी७५०० हा फोटोसाठी फार चांगला. ५१ नजरबिंदू, सेकंदाला ८ फोटो. खेळाच्या स्पर्धांना मी तोच सुचवीन. पण चलच्चित्रात त्याची नजर चाचपडणाऱ्या पद्धतीची आहे. गुरुजींच्या दोन्ही गरजा तोलता मला २०१६ चा कॅनन ८०डी मधला मार्ग वाटतो. २ कोटी ४० लाख ठिपके, ४५ नजरबिंदू, ड्युअल पिक्सेल, बाहेरचा मायक्रोफोन लावायची सोय, आणि कानाला लावून आवाज तपासायचीही सोय. ही शेवटची सोय स्वस्त नमुन्यांत बहुधा नसते.

भिंगाचेही पाहावे. जुन्या भिंगांचा मोटार घरघरतो आणि ती घरघर चित्रणात उतरते. कॅननच्या भिंगावर एसटीएम ही अक्षरे असतील तर मोटार शांत व सावकाश फिरणारा असतो. निकॉनमध्ये एएफ-पी ही अक्षरे शोधा.

विजेच्या दिव्यांचेही एक गणित आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, डोळ्याला दिसत नाही एवढेच. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे आणि पडद्याचा वेग एक पन्नासांश यावर ठेवला तर चित्रणात लखलख येत नाही. त्यासाठी यंत्राच्या यादीत एनटीएससी नव्हे, पाल हा पर्याय निवडा.

आता माझीच एक फजिती सांगतो. एका संमेलनात कॅमेरा तिपाईवर लावला, चालू केला आणि पाहुण्यांच्या पंगतीत जाऊन बसलो. बक्षीस समारंभ पुढे होता. घरी येऊन पाहतो तो चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबलेले! बहुतेक डीएसएलआरना ही मर्यादा असते आणि ती माहितीपत्रकात छापलेलीही असते. मी वाचले नव्हते. तेव्हा नाटक आणि गाणे यांच्या मधल्या वेळेत बटण बंद करून पुन्हा चालू करावे. फुल एचडीला ताशी साधारण १३ जीबी जागा लागते, म्हणून ६४ जीबीचे कार्ड घ्यावे. तिपाई आणि मायक्रोफोन यांना पैसे आधी बाजूला काढून ठेवा, उरलेल्यात कॅमेरा बसवा. चित्र जरा उणे असले तरी लोक पाहतात, पण मुलीचे भाषण ऐकू आले नाही तर तिची आई विचारायला येते.

"पण आता बिनआरशाचे निघालेत ना?" असे गुरुजींनी विचारलेच. बरोबर आहे. २०२० नंतर कॅनन वा निकॉन यांनी नवा डीएसएलआर नमुना आणलेला नाही. सगळे लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस यंत्रांकडे गेले आहे. आरसाच नसल्याने तिथे नजर जुळवणे नेहमी सेन्सरवरच होते, फोटोत काय आणि चलच्चित्रात काय, सारखेच. २०२३ चा कॅनन आर५० हा त्यातला हलका नमुना. नवा कोरा घ्यायचा असेल तर मी याच वाटेने जा म्हणेन. मात्र बॅटरी लवकर उतरते. ८०डी एका भरणीत ९६० फोटो घेतो असे ठरीव चाचणीत धरले आहे, मिररलेसचे बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास. जिथे वीज दुपारीच जाते, तिथे दुसरी बॅटरी हवीच.

पैसे कमी असतील तर वापरलेला डीएसएलआर वाईट नाही. त्याचा पडदा किती वेळा उघडला हे विचारावे. ८०डीच्या पडद्याला कंपनीने १ लाख उघडझापांची कसोटी लावली आहे, ९०डीला १ लाख २० हजार, डी७५००ला दीड लाख. काही यंत्रांत हा आकडा फोटोसोबतच्या माहितीत सापडतो, काहींना वेगळी तपासणी लागते.

गुरुजी जालन्याला दुकानात जाणार होते. मी त्यांना म्हटले, एकटे जाऊ नका, सातवीतला एक पोरगा बरोबर न्या. दुकानाच्या दारातून त्याला कॅमेऱ्याकडे चालत यायला सांगा, मग मागे जायला सांगा, मग धावत यायला सांगा. तुम्ही फक्त चित्रण चालू ठेवा, भिंगाला हात लावू नका. नंतर ते चित्रण कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर नव्हे, दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावायला सांगा आणि पोराचे डोळे पाहा.