चेंडू उचलायचा नसतो

गोल्फ नव्याने शिकणारे बहुतेक जण चेंडू हवेत जावा म्हणून क्लब त्याच्याखाली घालून वर उचलू पाहतात, तव्यावरचं थालीपीठ कालथ्याने उचलावं तसा. हेतू बरोबरच आहे, पण ते काम क्लबकडे आधीच सोपवलेलं असतं. प्रत्येक क्लबच्या पात्याला लॉफ्ट (पातं मागे कललेलं असण्याचा कोन) असतो. सात नंबरच्या आयर्नमध्ये तो साधारण ३० ते ३४ अंश असतो, सँड वेजमध्ये ५४ ते ५८. पातं खाली येता येता चेंडूला लागलं की हा कोनच त्याला वर धाडतो आणि बॅकस्पिन (उलटी फिरकी) देतो. दोघांचा स्पर्श टिकतो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात मनगट काय उचलणार!

उचलायला गेलं की वजन मागच्या पायावर अडकतं. मग पातं चेंडूआधीच जमिनीत रुततं, नाहीतर त्याच्या डोक्याला घासतं आणि चेंडू सरपटत जातो. आयर्नच्या चांगल्या स्विंगमध्ये आधी चेंडू, मग गवत. डिव्हट (उखडलेला गवताचा तुकडा) चेंडूच्या जागेच्या पुढे निघतो आणि वजन तोवर लक्ष्याकडच्या पायावर आलेलं असतं. टीवरच्या (छोट्या खुंटीवरच्या) चेंडूला ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या क्लबने) मारताना मात्र हिशेब वेगळा. तिथे पातं किंचित वर जाताना लागलेलं चांगलं.

सरावाला चेंडूमागे वीतभर अंतरावर घडी केलेला टॉवेल ठेवा आणि त्याला न लागता अर्ध्या स्विंगने मारून बघा. जोर नंतर लावा.