दाभोळ ते जयगड : शीड, वारा आणि भरती

मंडळी, कोयनानगरात बसून समुद्रातल्या शिडाच्या सफरीवर बोलायचं म्हणजे जरा विचित्रच. पण आपल्या धरणाचं पाणी कुठं जातं बघा. कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिची मूळ वाट बंगालच्या उपसागराची. बोगद्यातून पोफळीला उतरलेलं पाणी मात्र वीज तयार करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. त्या खाडीच्या तोंडापासूनच आज आपण निघूया. जायचंय दक्षिणेला, जयगडपर्यंत, सुमारे 30 किलोमीटर. इंजिन नाही.

निघायचं कधी? हिवाळ्यात, पहाटे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापली की उलटा, वायव्येकडून खारा वारा सुटतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. सकाळचा डाव्या अंगाने, दुपारचा मागून. परतीला मात्र दुपारचा वारा तोंडावर, मग नागमोडी वाट काढत जायचं, दुप्पट वेळ धरूनच.

पण नुसता वारा पुरत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरती रोज 50 मिनिटं पुढं सरकते. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे ढोबळ गणित मुंबईकडचं. दक्षिणेला भरती थोडी आधी येते.

आता अष्टमी धरा. पहाटे सहाच्या सुमारास भरती पूर्ण, मग ओहोटी लागते आणि खाडीचं पाणीच होडीला बाहेर काढतं. भांगाचे दिवस असल्याने ओढही बेताची. संध्याकाळी जयगडच्या खाडीत शिरताना पुन्हा भरती, मागून खारा वारा. याहून चांगला दिवस नाही! पौर्णिमेला मात्र पहाटे पाणी तळाला गेलेलं असतं, खाडीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे उथळ झालेले. होडी रुतली तर सहा तास बसा.

खरा धोका खडकांचा. पूर्ण ओहोटीला खडक उघडे दिसतात, पूर्ण भरतीला बऱ्याच खडकांवर भरपूर पाणी असतं. मधल्या वेळी ते पाण्याखाली वीतभर असतात, दिसत नाहीत, आणि तेव्हाच पाण्याची चढउतार सर्वांत जोरात असते. म्हणून टोकं लांबूनच वळसा घालून ओलांडायची. आसरा फक्त खाड्यांचा, आणि खाडीच्या तोंडाशी बहुतेक वेळा एक किल्ला: अंजनवेलला गोपाळगड, शास्त्रीच्या तोंडाशी जयगड, पुढं पूर्णगड, विजयदुर्ग. किल्ले कुठं बांधायचे हे जणू भरतीनंच ठरवलंय.

भरती खाडीतून थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. गलबतं पूर्वी तिच्यावर स्वार होऊनच तिथं पोचत. पावसाळ्यात हाच गुण उलटतो. भरती चालू असताना नदीच्या पुराला बाहेर पडायला वाट अपुरी पडते. जुलै 2021मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा अतिवृष्टीबरोबर भरतीचीही चर्चा झाली. आमच्या मते पोफळीकडून पाणी सोडणाऱ्यांच्या टेबलावर पावसाच्या आकड्यांशेजारी भरतीचं वेळापत्रकही असायला हवं. तिथी तर कॅलेंडरवर छापलेलीच असते.