घरच्या मेंढ्या पाळायच्या तर १७ महिन्यांचा हिशेब हवा

बकरी ईद जवळ आली की आपल्या घरांत एकच विषय. जनावर यंदा किती महाग! मग कुणीतरी म्हणतो, "आपणच पाळू या की." पण ईदच्या २ महिने आधी कोकरे आणून खुराक घालणे ही पैदास नव्हे. मेंढी सुमारे ५ महिने गाभण राहते, कोकरू वर्षाचे व्हायला १२. म्हणजे ईदच्या किमान १७ महिने आधी नर सोडायला हवा. शिवाय ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, तेही धरा.

वयाचा मसलाही माहीत हवा. हनफी मसलकात ६ महिन्यांचा मेंढा वर्षाच्या मेंढ्याएवढा भरलेला दिसला तर कुर्बानीला चालतो, बोकडाला ही सवलत नाही. कोकणातले शाफई भाई मेंढ्याला १ वर्ष आणि बोकडाला २ वर्षे धरतात. आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

सुरुवात १० माद्या आणि १ नर एवढीच करा. नर वेगळ्या कळपातला घ्या आणि दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर जाईल. कमी पावसाच्या भागात दख्खनी मेंढी काटक, पण बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी ऐकायला छान वाटतात. वैरण कमी पडली तर आईचे दूध दोघांना पुरत नाही. नवख्याने दख्खनीच घ्यावी असे आम्हाला वाटते. कोकणात मात्र मेंढीच्या भानगडीत पडू नका. तिथल्या पावसात खूर सडतात, जंत वाढतात. तिथे शेळी बरी.

आम्ही पहिल्यांदा फसलो ते आठवडी बाजारात. स्वस्त मिळाल्या म्हणून ६ मेंढ्या घेतल्या, दात पाहिलेच नाहीत. दोन इतक्या म्हाताऱ्या की चारा तोडता येईना. एकीचे नाक वाहत होते, आम्ही म्हटले सर्दी असेल. आठ-दहा दिवसांत तिघी गेल्या. डॉक्टर म्हणाले, पीपीआर. घरातल्यांनी गल्ल्यातून काढून दिलेले पैसे होते ते. आता आम्ही धनगराच्या वाड्यावर जाऊनच घेतो. २ ते ४ दाती, कास हाताने चाचपून, जमल्यास तिचे आधीचे कोकरू पाहून. नवे जनावर ३ आठवडे वेगळे बांधतो. पीपीआरची लस, आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, चुकवत नाही.

नर सोडण्याआधी ३ आठवडे मेंढीला थोडा मक्याचा भरडा द्या, माज चांगला येतो. कोकरू जन्मले की तासाभरात चीक पाजा. आणि गाई-म्हशींचे खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यातले तांबे तिला बाधते, जीवही जातो.

जकातीचे पुष्कळजण विचारतात. कळप ४० वर गेला, मेंढ्या वर्षातला बहुतेक काळ रानात चरत असतील आणि वर्ष पूर्ण झाले, तर १ मेंढी द्यायची. घरच्या वैरणीवरच्या आणि विकण्यासाठी घेतलेल्या जनावरांचा मसला वेगळा आहे. १० मेंढ्यांवरून तिथवर पोचायला तुम्हाला दोन-तीन वर्षे तरी लागतील.