अन्नाची ॲलर्जी व पाण्याची बाटली

तहानलेल्यास पाणी देणें हा आपल्याकडील पहिला गृहधर्म होय. दारीं आलेल्या पाहुण्याच्या हातीं आधीं तांब्या द्यावयाचा आणि मग कुशल विचारावयाचें, ही रीत मुळशी खोऱ्यांतील लहानशा वाडीवरहि पाळली जाते. अशा घरांत वाढलेल्या मुलास, ‘शाळेंत दुसऱ्याच्या बाटलीचें पाणी पिऊं नकोस व आपली बाटली कोणाच्या तोंडीं लागूं देऊं नकोस,’ असें सांगितलें तर तें कानास कठोर वाटेल. परंतु ज्या मुलास एखाद्या अन्नाची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतींत हा नियम जिवाच्या रक्षणाचा आहे. तो कां, आणि अशा मुलाची बाटली कशी असावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानें १९०६ सालीं प्रचारांत आणिला. रोगजंतूंशीं लढण्याकरितां शरीरांत जी संरक्षक व्यवस्था असते, ती कधीं कधीं दूध, अंडें, गहूं, भुईमूग, तीळ, मासळी अशा निरुपद्रवी अन्नांतील प्रथिनास शत्रु समजून त्यावर तुटून पडते. मग अंगावर गांधी उठतात, ओंठ सुजतात, उलटी होते. आणि प्रकार तीव्र असल्यास घसा आवळून श्वास कोंडतो. दूध न पचणें निराळें आणि दुधाची ॲलर्जी निराळी. पहिल्यानें पोट बिघडतें. दुसरीनें प्राणावरहि बेतूं शकतें.

आतां कोणी विचारील कीं, पाण्यांत अन्न कोठून येणार? आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. शेंगदाण्याचें कूट साबुदाण्याच्या खिचडींत असतें, काकडीच्या कोशिंबिरींत असतें, भरल्या वांग्यांतहि असतें. डबा खातां खातां मुलगा बाटली तोंडास लावतो. ओंठांवरचा कण काठास लागतो आणि लाळेबरोबर आंत उतरतो. भुईमुगाचें प्रथिन खाल्ल्यानंतर कांहीं काळ लाळेंत सांपडतें, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. घरच्या वडील बायका ज्यास उष्टें व खरकटें म्हणतात, त्यांतील हा शास्त्रीय अंश समजावा.

बाटली घेतांना पहिली गोष्ट पाहावयाची ती ही कीं, तिचा प्रत्येक भाग सुटा करून धुतां आला पाहिजे. तोंड इतकें रुंद असावें कीं आंत घांसणी पोंचावी. झांकण साधें, फिरकीचें असावें, व त्यांतील रबरी कडें काढतां यावें. कारण दुधाताकाचा अंश तेथेंच दडून राहतो. चोखून पिण्याची नळी किंवा दाबतांच उघडणारी चोंच दिसावयास आकर्षक खरी, पण तिच्या सांदींत हात पोंचत नाहीं.

पदार्थांत स्टेनलेस स्टील सर्वांत सोयीचें. तें गरम पाणी व साबण सोसतें आणि सहसा गंजत नाहीं. प्लॅस्टिक हलकें व स्वस्त. मात्र त्यास चरे पडले कीं त्यांत मळ धरतो, म्हणून अशी बाटली वेळींच बदलावी. तांब्याची बाटली पाण्यापुरती ठीक. तींत ताक अगर लिंबाचें सरबत भरूं नये, कारण आंबटानें तांबें उतरतें. गव्हाच्या काडापासून केलेली म्हणून विकली जाणारी बाटली, तिचे घटक नीट ठाऊक नसतां, गव्हाची ॲलर्जी असलेल्या घरीं न आणणेंच बरें. थोरल्या भावानें दुधासाठीं वापरलेली बाटली दुधाची ॲलर्जी असलेल्या धाकट्यास देऊं नये.

बाटली नुसती विसळून भागत नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत भुईमुगाचें लोणी लावलेले हात निव्वळ पाण्यानें धुतले असतां कांहीं हातांवर त्याचा अंश उरला. साबणानें तो गेला. उकळत्या पाण्यावरहि विसंबूं नये. उकळीनें जंतु मरतात. पण प्रथिन हा जंतु नव्हे, त्यास घांसून काढावें लागतें. म्हणून बाटली रोज साबणानें धुवावी, घांसणी वेगळी ठेवावी, बाटलीवर ठळक नांव घालावें, आणि तींत पाण्यावांचून दुसरें कांहीं भरूं नये.

ताम्हिणी घाटांत सहलीस गेल्यावर तर ही काळजी अधिकच हवी, कारण तेथून दवाखाना दूर. श्वास कोंडूं लागल्यास मुलास पाणी पाजीत बसूं नये. डॉक्टरांनीं ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन जवळ ठेवण्यास सांगितलें असेल तर तें तत्काळ मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एक गोष्ट मात्र सर्वांनीं ध्यानांत धरावी. हाच घाट उतरून माणगांवास गेलें म्हणजे पुढें महाड लागतें. तेथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन माणुसकीचा हक्क प्रस्थापित करावा लागला. अशा देशांत ‘माझ्या बाटलीला शिवूं नकोस’ हे शब्द फार जड आहेत. ते कारणावांचून उच्चारूं नयेत. ‘मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून माझी बाटली वेगळी,’ असें स्पष्ट सांगावें. शिवाशीव माणसास दूर लोटते. ही काळजी केवळ कणास दूर ठेवते, आणि म्हणून ती सख्ख्या भावासहि सारखीच लागू आहे.

आणि पाणी देण्याचा धर्मही त्यामुळें बुडत नाहीं. आपल्याकडे वरून पाणी ओतण्याची व पिण्याची जुनी चाल आहेच. ॲलर्जी असलेल्या मुलानें आपल्या बाटलींतील पाणी मित्राच्या ओंजळींत खुशाल वरून ओतावें. काठास ओंठ लागला नाहीं, मित्राचीहि तहान भागली, आणि मैत्रीसहि बाध आला नाहीं.